‘सांगतो’ की ‘सांगेल’

मंदा, दहा दिवसांत लोकांनी तुझी सगळी क्रियापदं बदलून टाकली. ‘मंदा शिकवते’चं ‘मंदा शिकवायची’ झालं, ‘मंदा भांडते’चं ‘भांडायची’. तुझी आई तेवढी अजून वर्तमानकाळात बोलते आणि तिला कोणी दुरुस्त करत नाही. परवा तुझ्या दहाव्याला ठाण्याच्या खाडीवर गुरुजी घाई करत होते, तुझा भाऊ पिंडाला कावळा शिवायची वाट बघत होता, आणि मी मागे उभी राहून मनातल्या मनात तुझ्याशी वाद घालत होते. कावळ्याला वेळ लागला. हिचं काहीतरी राहिलंय, असं बायका कुजबुजल्या. पण राहिलं होतं ते तुझं नव्हतंच, माझं होतं.

ते सांगायलाच बसले आहे. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळं तुझ्या शाळेच्या शोकसभेत वाचून झालं. वाचणाऱ्याने तुला ‘मितभाषी’ म्हटलं. तू असतीस तर उठून उभी राहिली असतीस.

आपण भेटलो तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. कल्याणचं बीएड कॉलेज. मी डोंबिवलीची, हेडमास्तरांची मुलगी, बीएला पहिला वर्ग. शहाणपण माझ्या अंगात मावत नव्हतं. तू ठाण्याच्या कोळीवाड्यातली, घरातली पहिली ग्रॅज्युएट. तुझी आई मार्केटात मासळी विकायची, आणि हे तू पहिल्याच दिवशी, कोणी विचारायच्या आधी, सगळ्या वर्गाला सांगून टाकलंस. दोघींचाही विषय मराठी, म्हणून सरांनी आपली जोडी लावली. एकीने शाळेत सराव पाठ घ्यायचा, दुसरीने मागच्या बाकावर बसून निरीक्षण लिहायचं. वर्षभर मी तुझे पाठ पाहिले आणि तू माझे. तुझ्या शेऱ्यांनी माझा किती संताप व्हायचा! ‘बाईंचा आवाज चांगला आहे. मुलांचा ऐकू आला नाही.’ असले शेरे.

पाठ घ्यायच्या आधी त्याचं टाचण लिहावं लागे. फुलस्केप कागदावर रकाने आखायचे आणि पहिल्याच पानावर उद्दिष्टं लिहायची, म्हणजे हा पाठ संपला की मुलांना काय काय येणार ते. त्याची भाषा ठरलेली. विद्यार्थी आठवतो. विद्यार्थी ओळखतो. विद्यार्थी फरक सांगतो. विद्यार्थी स्वतःची उदाहरणे देतो. शेवटच्या पानावर सरांची लाल सही झाली की मगच वर्गात पाऊल टाकायचं. आपल्यापैकी बहुतेकांच्या लेखी ते पहिलं पान म्हणजे पूजेतली सुपारी. मांडली पाहिजे, कशाला ते विचारायचं नाही.

आणि या सुपाऱ्यांचा पुरवठा मी करत होते. आदल्या वर्षीच्या मुलींच्या फायली चाळून मी दोनशे पानी वहीत उद्दिष्टं उतरवून ठेवली होती. गद्याची वेगळी, कवितेची वेगळी, व्याकरणाची वेगळी, आणि मागे क्रियापदांची यादी. पाठाच्या आदल्या दिवशी माझ्याभोवती घोळका जमायचा. वसू, कवितेची तीन दे ना गं, वसू, धड्याची चार दे. कोणती कविता, कितवीचा वर्ग, हे मागणारा सांगायचा नाही आणि मीही विचारायचे नाही. तू त्याला ‘क्रियापदांचं दुकान’ म्हणायचीस. मला त्या दुकानाचा फार अभिमान होता, हे आता कबूल करते.

एकदा दुकानात घोटाळा झाला. आपल्या वर्गातल्या सावंतने घाईघाईत इतिहास-भूगोलाचं पान उतरवलं आणि समासाच्या पाठाला उद्दिष्ट लिहिलं : विद्यार्थी नकाशात स्थान दाखवतो. सरांनी सही केली. पाठ झाला, सावंतला ‘उत्तम’ मिळालं. त्याचा जोडीदार आजारी म्हणून त्या दिवशी निरीक्षणाला तू होतीस, आणि तू इमानेइतबारे नोंद केलीस : ‘नकाशा आणला नव्हता.’ हसून हसून आपली पुरेवाट झाली. हसणं थांबल्यावर तू म्हणालीस, “यात सावंतची काय चूक गो? त्याने ते पान मुलांसाठी लिहिलंच नव्हतं. सरांसाठी लिहिलं होतं.” मला ते तेव्हा फारसं लागलं नाही.

मग एके दिवशी भर तासाला तू हात वर केलास. पाठ अजून झालेलाच नाही, तर विद्यार्थी ‘सांगतो’ कसा, ‘सांगेल’ असं नको का, असं तू सरांना विचारलंस. सर म्हणाले, उद्दिष्ट निश्चित असावं लागतं, भविष्यकाळ वापरला की त्यात शंका येते. तू म्हणालीस, “शंका आहेच ना सर.” वर्ग हसला, सर हसले नाहीत. पुढे तू मुलींच्या शाळेत ‘सांगते’ लिहायचं का म्हणून विचारायला लागलीस तेव्हा मी तुझा पदर ओढून तुला खाली बसवलं.

तिथून जो वाद सुरू झाला तो तू गेलीस तरी संपलेला नाही. मधल्या सुट्टीत तुझ्या डब्यातल्या सुक्या बोंबलाच्या चटणीपुढे माझं मन आणि माझ्या आईची शिकवण यांची झटापट चाललेली असायची, आणि वर हा वाद. माझं म्हणणं, शिक्षकाने ठाम असावं. जो स्वतःच ‘बघू, येईल कदाचित’ म्हणत वर्गात शिरतो त्याच्याकडून मुलं काय शिकणार? रेल्वेचं वेळापत्रक बघ, तिथेही ‘गाडी सुटते’ असंच छापतात. तू शांतपणे विचारलंस, “आणि सुटते?” मग तू लग्नपत्रिका काढलीस. मुलगा ठरला, हॉल ठरला, आचारी ठरला, तरी पत्रिकेत ‘लग्न होते’ असं कोणी छापत नाही, ‘करण्याचे योजिले आहे’ असं छापतात. आपल्या लोकांना एवढी अक्कल पूर्वीपासून आहे, फक्त बीएड कॉलेजात ती आली नाही, असं तुझं म्हणणं. यावर मी चटणी मागितली.

पण तू नुसती वाद घालणारी नव्हतीस. मोहन्याच्या शाळेत आपले पाठ लागले होते तेव्हाचं मला अजून दिसतं. आम्ही सगळे टाचणाचं पहिलं पान सही मिळाली की विसरायचो. तू पाठ संपला की ते वाचायला घ्यायचीस. पटांगणातल्या दगडावर बसून, एकेका ओळीपुढे कोण पोचलं आणि कोण राहिलं ते पानाच्या पाठीमागे लिहायचीस. नाव माहीत नसलं तर ‘खिडकीजवळची दोन वेण्यांची’ किंवा ‘खोकणारा’. पुढच्या पाठाला गेलीस की पहिल्यांदा खोकणाऱ्याकडे. मी तुला वेडी म्हणायचे. साठ-सत्तर जणांत ते पान त्याच्या कामासाठी वापरणारी तू एकटी होतीस, आणि मी, सगळ्यांना ते पुरवणारी, एकदाही वापरत नव्हते.

मग वार्षिक पाठ आला. बाहेरून परीक्षक येणार, एकच पाठ, त्यावर सगळं. तुला आठवीचं व्याकरण आलं होतं, ‘प्रयोग’. तू उद्दिष्टात लिहिलंस : ‘वर्गातील निम्म्याहून अधिक विद्यार्थी कर्तरी आणि कर्मणी प्रयोग ओळखतील. उरलेल्यांसाठी पाठ पुन्हा घ्यावा लागेल.’ सरांनी टाचण दोनदा परत केलं. हे टाचण आहे की कबुलीजबाब, असं विचारलं. तिसऱ्यांदा कंटाळून सही केली आणि नापास झालीस तर माझ्याकडे येऊ नकोस म्हणून बजावलं.

तुझ्यासाठी ही नुसती परीक्षा नव्हती. घरी तुला एकच वर्ष दिलेलं होतं. पास झालीस तर नोकरी, नाही तर उरणचं स्थळ तयार होतं आणि ते लोक थांबणार नव्हते. पाठाच्या आधीच्या रविवारी मी तुझ्याकडे आले होते. निघताना तुझी आई मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली आणि माझा हात धरून म्हणाली, “तू हुशार हाईस. माजे पोरीचा बघ गो.” मी ‘हो मावशी’ म्हटलं. तुला टाचण बदलायला सांगायचा मी आणखी एकदा प्रयत्न केला. तू म्हणालीस, उरणला गेले तरी ‘सांगेल’च लिहीन.

आता ऐक. प्रत्येकाने टाचणाच्या दोन प्रती करायच्या होत्या, एक आपल्याजवळ, एक परीक्षकांसाठी. मी वर्गाची प्रतिनिधी, त्यामुळे परीक्षकांच्या सगळ्या प्रती आदल्या दुपारी माझ्याकडे जमा झाल्या. लायब्ररीत कोणी नव्हतं. मी तुझ्या फायलीचा दोरा सोडला, पहिलं पान काढलं आणि कोऱ्या फुलस्केपवर नवीन लिहिलं. तुझं अक्षर मला पाठ होतं, तो तुझा जाडजूड ‘ल’सुद्धा. विद्यार्थी कर्तरी प्रयोग ओळखतो. विद्यार्थी कर्मणी प्रयोग ओळखतो. विद्यार्थी दोहोंतील फरक सांगतो. लिहिताना मला छान वाटलं. तुझं मूळ पान चार तुकडे करून मी कचऱ्यात टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या बाकावर आणि तू फळ्यापाशी, निळ्या साडीत. सगळं पुस्तक ज्यावर चालतं तो रामाचा आंबा तू बाजूला ठेवलास आणि फळ्यावर लिहिलंस : आई मासळी विकते. मग त्याखाली : आईने मासळी विकली. आईने पापलेट विकलं. आईने बोंबील विकले. क्रियापद कोणाच्या मागे चाललंय, म्हणून विचारलंस. वर्ग दोन मिनिटं गप्प होता. परीक्षकांसमोरची दोन मिनिटं, मंदा! आम्ही असतो तर उत्तर सांगून मोकळे झालो असतो. मग कोणीतरी म्हणालं, मासळीच्या मागे बाई, आणि हळूहळू वर्ग जागा झाला. शेवटी तू सगळ्यांना स्वतःची दोन दोन वाक्यं चिठ्ठीवर लिहायला लावलीस, चिठ्ठ्या गोळा करून तिथेच चाळल्यास, आणि सरळ सांगितलंस की बऱ्याच जणांना हे अजून आलेलं नाही, उद्या पुन्हा बघू. घंटा झाली. मी डोळे मिटून घेतले. निदान कागदावर तरी सगळ्यांना आलंय, एवढाच माझा दिलासा होता.

आणि तू दुसऱ्या दिवशी खरंच गेलीस. परीक्षा संपली होती, गुण देऊन परीक्षक घरी गेले होते, आम्ही सगळे आईस्क्रीम खायला गेलो होतो. तू मोठ्या बाईंची परवानगी काढून मोकळ्या तासाला आठवीत जाऊन उरलेला पाठ घेऊन आलीस. निकाल लागला तेव्हा वार्षिक पाठात तुला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. पेढा माझ्या तोंडात कोंबून तू म्हणालीस, “बघ वसू, ‘सांगेल’ चाललं.” मी पेढा गिळला आणि दुसरा मागितला.

त्या पेढ्यावर आपली बारा वर्षं गेली. तू टिटवाळ्याच्या शाळेत लागलीस. लग्नही तुझ्या मनाने, तुझ्या वेळेला केलंस. मी दोन वर्षं शाळेत काढून बीएड कॉलेजातच शिकवायला आले, म्हणजे दुकान पक्कं झालं. माझी मुलं आता वही उतरवत नाहीत, झेरॉक्स काढतात. एका मुलाच्या फायलीत मी माझीच यादी पाहिली, इतक्यांदा झेरॉक्स झालेली की ‘ओळखतो’तला ‘तो’ उडून गेला होता आणि पोराने तसंच उतरवलं होतं : विद्यार्थी ओळख. मी ते तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस की पहिल्यांदाच कोणीतरी बरोबर लिहिलंय, विद्यार्थी ओळख, हेच तर करायचं असतं. मी चिडले. घरी जाऊन तीनदा हसले.

तू मात्र टिटवाळ्यात वार्षिक नियोजनातही ‘सांगतील, लिहितील, काही जणांना वेळ लागेल’ असंच लिहीत राहिलीस. मुख्याध्यापकांनी हरकत घेतली की तुझं एक उत्तर ठरलेलं : माझ्या वार्षिक पाठाला परीक्षकांनी हेच मान्य केलं होतं. नव्या शिक्षिकांना तू हे सांगायचीस. एकदा मी माझी मुलं घेऊन सराव पाठांना तुझ्या शाळेत आले तेव्हा माझ्यासमोर त्यांनाही सांगितलंस, वर माझ्याकडे बोट दाखवलंस की या साक्षीदार आहेत. मी मान डोलवली. त्या क्षणी सांगायला हवं होतं. त्यानंतरही शंभर क्षण आले. तुझ्याकडे जेवताना, तुझ्या मुलीच्या बारशाला, फोनवर. दर वेळी मी विचार करायचे की ज्या पायावर हिचं एवढं सगळं उभं आहे तो आपण का काढून घ्यायचा. मला स्वतःचं हे मोठेपण फार आवडायचं.

शेवटचं भेटलो ते हॉस्पिटलमध्ये. तू अशक्त झाली होतीस, पण जीभ जागेवर होती. नववीचे अलंकार राहिलेत म्हणून काळजी करत होतीस. निघायची वेळ झाली, मी पिशवी उचलली, ‘येते’ म्हटलं, आणि एकदम मला बारा वर्षं हवा असलेला मुद्दा सापडला. मी म्हटलं, बघ, जाताना आपण ‘येते’ म्हणतो. वर्तमानकाळ. अजून गेलेलीही नसते, पण ‘येते’. ते खोटं असतं का? माणूस त्यात स्वतःला बांधून घेतो, म्हणून म्हणतो. उद्दिष्टांचा वर्तमानकाळ तसाच आहे. तू म्हणालीस, “हा मुद्दा चांगला आहे वसू. उत्तर उद्या देईन.” पान बदलल्याचं मीही उद्याच सांगणार होते. ती सकाळ तू पाहिली नाहीस.

मंगळवारी माझा टाचणाचा तास होता. यादी वाटायची होती. मी ती टेबलावर ठेवली आणि चाळीस मुलांना हे सगळं सांगितलं, तुझं नाव घेऊन, लायब्ररीतलं पानही. एक मुलगी आहे, वर्षभर गप्प बसणारी. तिने विचारलं, “मॅडम, पण परीक्षकांनी ते पान वाचलं होतं का?”

मी ‘हो’ म्हणणार होते. पण परीक्षक माझ्या शेजारीच बसले होते. फाइल त्यांनी बसल्या बसल्या खाली पायाशी ठेवली आणि पाठभर ती तिथेच होती. तू ‘उद्या पुन्हा बघू’ म्हणालीस, घंटा झाली, तेव्हा ते उठून मधल्या बाकावरच्या एका मुलीकडे गेले आणि तिला कर्मणीचं वाक्य विचारलं. ती म्हणाली, “मला अजून नाही आलं सर. उद्या बाई परत घेणार आहेत.” जराही न घाबरता म्हणाली. ते हसले, आपला कागद काढला, उभ्याउभ्याच गुण लिहिले आणि फाइल न उघडता माझ्या हातात देऊन निघून गेले. हे मी तेव्हाही पाहिलं होतं, मंदा. बारा वर्षं मला ते आठवायचं नव्हतं. ते पान मी तुझ्यापासून गुन्हा म्हणून लपवलंच नव्हतं. तुझ्यावर केलेला उपकार म्हणून जपून ठेवलं होतं.

तू ‘सांगेल’ चाललं म्हणालीस ते खरंच होतं. कागद नव्हता तरी चाललं. पान बदललं त्याची माफी मी मागतेच आहे, पण खरी चूक दोरा सोडायच्या आधी झाली होती. तू अजून वर्गात पाऊलही टाकलं नव्हतंस, आणि मी, तुझी मैत्रीण, वर्षभर तुझा प्रत्येक पाठ पाहिलेली, तुझ्याबद्दल लिहून मोकळी झाले होते, ठाम, वर्तमानकाळात, शंकेला जागा न ठेवता : मंदा नापास होते.